हे पण, ते पण

मोरेबाईंच्या स्टुडिओत वाक्याची सुरुवात ‘पण’ने करायला बंदी होती. ती भिंतीवर कुठे लिहिलेली नव्हती. कुणी ‘पण बाई...’ असं म्हटलं, की त्या टेबलावरचा एक कोरा ट्रेसिंग पेपर उचलून त्याच्यापुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, “दंड. काढा.” दंड म्हणजे एक चित्र. सुचेल ते, कितीही भिकार. ते तिथल्या तिथे काढायचं आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलेल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्याने लटकवायचं. मी तिथे रुजू झालो, त्या पहिल्या आठवड्यात अर्धी दोरी माझ्या दंडांनीच भरलेली होती.

त्याच शब्दाला मागच्या दाराने मात्र मुभा होती. “‘पण हे’ म्हणू नका मोहनराव, ‘हे पण’ म्हणा,” बाई सांगायच्या. “शब्द तेच. नुसती जागा बदला. पुढे आला की हा ‘पण’ आडवा पडतो, मागे आला की मुकाट सोबत चालतो.” मला तेव्हा हा पोरखेळ वाटायचा. पस्तिशीला आलेला, अंगावर घरसंसार असलेला फिनिशिंग आर्टिस्ट मी. दुसऱ्याच्या कल्पनेत खोट काढणं हीच हुशारी, असं मला इतकी वर्षं शिकवलं गेलं होतं, आणि ते मी मन लावून शिकलो होतो.

बाईंचं पूर्ण नाव यशोधरा मोरे. गाव महाडकडचं. शाळेच्या दाखल्यावर त्या ‘यशोदा’ होत्या. घराने बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा त्या चित्रकलेच्या वर्गाला जात होत्या. त्यांनी स्वतःच बसून नावाच्या शेवटचं ‘दा’ खोडलं आणि ‘धरा’ लावलं. “माझं पहिलं लेटरिंग ते,” त्या सांगायच्या. “बापाला विचारलं, दादा, कसं वाटतं? म्हणाला, तुला आवडलं ना, मग गावालाही आवडेल.” हे सांगताना त्या हसायच्या, आणि ते हसू बराच वेळ चेहऱ्यावर राहायचं.

फोर्टातल्या एका जाहिरात कंपनीत आम्ही दोघं होतो, त्या कल्पना काढणाऱ्या आणि मी शाईने पक्कं करणारा. तिथली रीत अशी, की प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्यात, परीक्षेत झाकतात तसं कोपराने कागद झाकून काम करायचं. संध्याकाळी साहेब येणार, एक कागद उचलणार, बाकीचे फाडणार. बाई एकदा त्यांना म्हणाल्या, “साहेब, सगळ्यांना एकत्र बसवा ना. एकाचं अर्धं, दुसऱ्याचं अर्धं, काहीतरी तिसरंच निघेल.” साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, घोळक्याने भजन होतं, चित्र होत नाही.” सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाईंनी नोकरी सोडली.

खाडीवरचा पूल होऊन काही वर्षं झाली होती, रेल्वे अजून यायची होती. वाशीत सेक्टर उभे राहत होते, त्यातल्याच एका इमारतीत बाई राहायच्या आणि मीही. स्टुडिओला तिथे जागा परवडेना म्हणून त्यांनी बोनकोडे गावात बळीराम पाटलांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खिडकीतून एका बाजूला खाडी दिसायची, दुसरीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांची धुराडी. रोजच्या बसप्रवासाला कंटाळून मीही वर्षभराने तिथे आलो. साहेबांनी निरोप दिला, “दिवाळीपर्यंत दोघांच्या खुर्च्या रिकाम्या ठेवतो.” बाई निरोप ऐकून पुन्हा कामाला लागल्या. मी मात्र मनातल्या मनात त्या खुर्चीवर कितीदा जाऊन बसलो असेन.

पाटलांची शेतं नव्या शहरासाठी गेली होती. सकाळी उठून जायला शेत नाही, म्हणून ते वर येऊन आमच्यात बसायचे. पहिल्या दिवशी दोरी बघून म्हणाले, “मोरेबाय, तुमी हिते कागद सुकवता, आमी जवला सुकवतो. तुमचा वास नाय येत, येवढाच फरक.” बंदीतून त्यांनी एक पळवाटही काढली होती. बाईंनी दंड म्हणून कागद पुढे केला की हात वर करून म्हणायचे, “मी ‘पण’ कुठं बोललो? मी ‘पन’ बोललो!” बाई खळखळून हसायच्या आणि तरीही चित्र काढून घ्यायच्याच. पाटलांची सगळी चित्रं एकाच चालीची असत. काहीही काढायला सांगा, ते होडीसारखं दिसायचं.

चौथी आमच्यात नलिनी. घर तळवलीच्या चाळीत, वडील कारखान्यात, मूळ गाव बीडकडचं. अक्षरं कापून चिकटवायचं काम ती करायची, फार कमी बोलायची, आणि हातात आलेल्या प्रत्येक कागदाची नीट घडी घालायची. बसचं तिकीटसुद्धा चौघडी करून पर्समध्ये ठेवायची. बाई तिला चिडवायच्या, “नले, तुला लग्नात रुमालच देणार आहे मी डझनभर.”

बाईंची काम काढायची पद्धत पाटलांच्या पिशवीपासून सुरू व्हायची. बाजारातून ते वर आले की बाई विचारायच्या, “पाटील, आज काय आणलंत?” पिशवीत जे असेल तो त्या दिवसाचा शब्द. काम कशाचंही असो, त्या शब्दाला धरून निदान एक चित्र काढायचंच. एकदा एका छोट्या कारखान्याच्या पाण्याच्या पंपासाठी लेबल करायचं होतं, आणि पिशवीतून निघाला जिताडा. मी म्हणालो, “पण बाई, पंप आणि मासा?” दंड. मग बाईंनी दुसरा डाव टाकला. “असं करा, हा पंप कुणीच घेऊ नये यासाठी लेबल काढा.” खोलीत एकदम दंगा झाला. नलिनीने घाम पुसणारा पंप काढला. मी तोंड वासून कोरडा पडलेला मासा काढला. पाटलांनी होडी काढली. दुसऱ्या दिवशी बाईंनी माझा मासा तेवढा उलटा केला, शेपटी खाली, तोंड वर, आणि वासलेल्या तोंडातून पाण्याची धार काढली. पंपवाल्याने ते लेबल बघितलं आणि म्हणाला, “हे तर पोरगंपण ओळखेल!” बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बघा, त्याने ‘पण’ कुठे लावला ते.”

दुसऱ्या दिवशी म्हणण्याचंही कारण होतं. दोरीवरच्या चित्राला त्या दिवशी नावं ठेवायची नाहीत, हा बाईंचा आणखी एक नियम. “चिंब ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवतं का कुणी? आज धुणं, उद्या इस्त्री.” दुसऱ्या दिवशी मात्र त्या निष्ठुर व्हायच्या. स्वतःची चित्रं सगळ्यात आधी उतरवायच्या.

दिवाळी तोंडावर आली आणि कामं आटत गेली. अशात वाशीतल्या एका नव्या ग्राहक सहकारी संस्थेने बोधचिन्ह मागवलं. संस्थेचं नाव ‘शेजार’. सेक्टरांत आणि जुन्या गावांत किराणा-भाजीची दुकानं ती काढणार होती. पाटी, पिशवी, टेम्पो, सगळ्यांवर ते चिन्ह जाणार होतं. काही स्टुडिओंना बोलावलं होतं, त्यात आमच्या जुन्या साहेबांची कंपनीपण होती. संस्थेची एकच अट होती, की ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते आपलं वाटलं पाहिजे. बाईंनी आम्हाला समोर बसवून सरळ सांगितलं, “हे मिळालं तर वर्षभराचं काम आहे. नाही मिळालं तर दोरी सोडायची, आणि मी साहेबांच्या खुर्चीवर जाऊन बसायचं. सगळ्यांना आधीच सांगून ठेवते.” त्यांच्या तोंडून खुर्चीचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्या दिवशी पाटलांच्या पिशवीत मीठ होतं. पाटलांनी स्वतःच कागद ओढला आणि मिठागरावर रचतात तसा ढीग काढला, वर गोल, खाली सपाट, कागदाचा वरचा अर्धा भाग व्यापणारा. होडी नव्हती म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. “आमचे गावान मीठ मागाला कोन लाजत नाय,” ते म्हणाले. “शेजार म्हंजे मीठ. लिवा.” मी एकात एक अडकलेले दोन चौकोन काढले होते, कंपासने, अगदी रेखीव. तेच निवडले जाणार, अशी माझी खात्री होती.

मधेच बाई पोस्टात फोन करायला गेल्या. त्या नसताना हे झालं. नलिनीने कागदाच्या खालच्या अर्ध्यात एक वाटी काढली होती. ती हळूच म्हणाली, “आमच्या चाळीत कुणाची वाटी कुणाच्या घरात आहे, ते कुणालाच ठाऊक नसतं. रिकामी मात्र कुणी परत पाठवत नाही.” एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. आणि मी म्हणालो, “पण वाटी पुढे केली की भीक मागितल्यासारखं दिसतं. साहेबांच्या कंपनीपुढे हे घेऊन जायचं?” तिने मान खाली घातली. मी तिच्या हाताखालून तो कागद ओढला, चुरगळला आणि टोपलीत टाकला. आपण सगळ्यांचा वेळ वाचवतोय, असं मला खरोखर वाटत होतं.

पाटील म्हणाले, “ह्ये बरोबर नाय, मोहनशेट.” तेवढ्यात बाई जिना चढून आल्या. त्यांचं लक्ष आधी टोपलीकडे गेलं.

“टोपलीत काय आलं आज?”

मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. पाटील माझ्याकडे बघत होते. नलिनी म्हणाली, “माझाच कागद आहे बाई. नको होता मला.”

बाईंनी तो बोळा उचलला, टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केला, आणि म्हणाल्या, “आज धुणं, नले. नको की हवा ते उद्या.” दोरीवर एकही मोकळा चिमटा उरला नव्हता. त्यांनी पाटलांच्या मिठाच्या ढिगाचा चिमटा उघडला आणि त्याच चिमट्यात वाटीचा कागद मागून अडकवला.

ट्रेसिंग पेपर पारदर्शक. मागे खिडकी, खिडकीत खाडीवरचं उतरतं ऊन. वरच्या अर्ध्यात पाटलांचा ढीग, खालच्या अर्ध्यात नलिनीची वाटी. ढिगाची सपाट बाजू वाटीच्या काठावर जाऊन टेकली, आणि दोन्ही मिळून एक पूर्ण गोल झाला. भरलेली वाटी. किंवा वाटीवर पालथी घातलेली वाटी, शेजाऱ्याकडे काही पाठवताना झाकतात तशी.

मग पाटील म्हणाले, “आयला! माझं मीठ हिचे वाटीन जाऊन परलं.”

“हात लावू नका कुणी,” बाई कुजबुजल्या. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांचे डोळे भरले होते. नियमाप्रमाणे ते चित्र दुसऱ्या दिवसापर्यंत दोरीवर राहिलं. दुसऱ्या दिवशी बाकी सगळी चित्रं उतरली. माझे चौकोन मी स्वतः उतरवले.

शाईने पक्कं करायचं काम माझं. दोन अर्धगोल आणि मधे एक रेघ, एवढंच. वाटीचा काठ एका जागी किंचित उचलला गेला होता, म्हणून मी पट्टी घेतली. बाईंनी माझं मनगट धरलं. “ही रेघ सरळ करायची नाही.”

“बाई, चुकल्यासारखी दिसेल.”

“दिसू दे. आहे तशीच गिरवा.” मी कुरकुरत गिरवली. पाण्यावरच्या लाटेसारखी ती दिसत होती. बाईंना खाडी सुचली असणार, असं मी धरून चाललो.

निवडीच्या दिवशी वाशीच्या एका शाळेचा हॉल भरला होता. सेक्टरातली मंडळी खुर्च्यांवर, गावातल्या बायका पुढे सतरंजीवर. साहेबांच्या कंपनीने मोठा बोर्ड आणला होता, चार रंगांत हस्तांदोलन करणारे दोन हात, भोवती सोनेरी किनार. सगळे ‘वा’ म्हणाले. साहेब बाईंजवळ येऊन अगदी प्रेमाने म्हणाले, “खुर्ची पुसून ठेवलीय, बाई.”

बाईंचं नाव पुकारलं. त्या मंचावर गेल्या आणि आम्हाला म्हणाल्या, “दोरी धरा.” आम्ही स्टुडिओतली दोरीच सोडून नेली होती. एक टोक नलिनीने धरलं, दुसरं मी, मागे हॉलची मोठी खिडकी. बाईंनी पिशवीतून एक चिमटा काढला आणि चित्र दोरीवर वाळत घातलं. हॉलमध्ये हसू फुटलं. मग हळूहळू कुजबुज सुरू झाली.

“मिठाचा ढीग हाय गो तो.”

“मीठ कशाला, वाटीवर वाटी झाकलीय. मी नाही का तुला काल खीर पाठवली, तशी.”

“लाडू!” मागून एक पोर ओरडलं.

संस्थेचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते. चष्मा वर करून ते म्हणाले, “पण मोरेबाई, नक्की काय समजायचं आम्ही? हे मीठ, की वाटी, की लाडू?” वाक्य ‘पण’नेच सुरू झालं होतं. आता बाई त्यांच्यापुढे कोरा कागद सरकवतात की काय, या भीतीने मी दोरी आणखी ताणून धरली.

बाई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, हे पण, ते पण. शेजार म्हणजे दुसरं काय असतं?”

आधी सतरंजीवरून टाळ्या आल्या, मग खुर्च्यांवरून. टाळ्या थांबेपर्यंत अध्यक्ष पुढे येऊन चित्र निरखत होते. “आणि मधली ही रेघ... ही आपली खाडी ना?” बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “दिसली तर खाडी पण,” त्या म्हणाल्या.

काम आम्हाला मिळालं. निकाल सांगितल्यावर पाटलांनी खाली जमलेल्या गावकऱ्यांत जाऊन जाहीर केलं, “वरचा अर्धा माझा हाय!” आमचे जुने साहेब बाईंजवळ आले. माणूस दिलदार होता, खोटं कशाला बोलू. त्यांनी हात जोडले आणि विचारलं, “घोळक्यानेच काढलं का हे?”

“हो साहेब,” बाई म्हणाल्या. “आणि भजन पण झालं.”

ती दोरी परत त्याच खोलीत बांधली गेली, आणि दिवाळी आम्ही तिथेच केली. पहिलं दुकान उघडलं, त्या दिवशी चिन्हाची पहिली कापडी पिशवी बाईंनी नलिनीच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “वाटी हिची आहे.” नलिनीने पिशवीची चौघडी घातली आणि छातीशी धरली. पुढे पुढे ती इतकं बोलू लागली, की पाटील म्हणायचे, “हिला आता दंड लावा बोलन्याचा.” मी तिची माफी मागितली, पण फार उशिरा, आणि तीही एकट्यात. ती म्हणाली, “जाऊ द्या हो दादा, मिळालं ना काम.” बाईंना मात्र मी काही सांगू शकलो नाही. दर वेळी टेम्पोवर ते चिन्ह दिसायचं, लोक म्हणायचे ‘काय खाडी काढलीय’, आणि मी मान वळवायचो.

गेल्या वर्षी बाईंनी औरंगाबादला चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकवायचं ठरवलं. स्टुडिओ नलिनीकडे आणि माझ्याकडे आला. निघायच्या दिवशी चहा झाला, पाटलांनी वाटेसाठी सुकटीची पुडी दिली. मग मला राहवलं नाही. मी म्हणालो, “बाई, त्या दिवशी वाटीचा कागद...”

“तुम्ही चुरगळलात,” बाई म्हणाल्या. “नलिनी कधी कागद चुरगळते का? ती घडी घालते.”

मी चहाचे कप गोळा करू लागलो. बाई पुढे म्हणाल्या, “आणि ती मधली रेघ खाडीची नव्हे, मोहनराव. तुमच्या चुरगळण्याने वाटीचा काठ उचलला गेला होता. मला तो आवडला. मीठ पाटलांचं, वाटी नलूची, रेघ तुमची. तुमच्याच हाताने गिरवून घेतली ना मी?”

माझ्या तोंडातून निघालं, “पण बाई, मी तर...”

बाईंनी शांतपणे टेबलावरचा कोरा ट्रेसिंग पेपर उचलला आणि माझ्यापुढे सरकवला. “दंड. काढा.”

मी पट्टी न घेता कागदाच्या मधोमध एक रेघ काढली. रेघ मधेच थोडी उचलली गेली. बाईंनी ती डोळ्यांसमोर धरून खिडकीकडे करून पाहिली, एक चिमटा उचलला, आणि दोरीवर लटकवत म्हणाल्या, “हे पण.”